तिसऱ्या जागेवरचं शून्य

मिलिंद,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला लावले. वंदना झाली, तुझ्या प्लांटमधले दोघे बोलले आणि मग माईक माझ्या हातात आला. चौतीस वर्षं अकरावी-बारावीच्या वर्गांपुढे उभी राहिलेली बाई मी. पण मी इतकंच म्हणाले की माझा दीर फार हुशार होता, आणि खाली बसले. लोकांना वाटलं, वहिनीला भरून आलं. भरूनबिरून काही आलं नव्हतं. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं, फक्त ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

ते इथे लिहिते. हॉस्पिटलमधून तू मला एक प्रश्न विचारलास, मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं, तू ते खरं मानलंस, आणि आठ दिवसांनी गेलास.

मला रडू येत नाही हेही सांगून ठेवते, म्हणजे तू उगाच वाट बघणार नाहीस. आज सतरा दिवस झाले. मी वेळेवर उठते, ह्यांच्या गोळ्या काढून ठेवते, भाजी आणते. काल मेथी निवडताना देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होते. निम्मी जुडी संपल्यावर लक्षात आलं. हे समोरच बसले होते. धाकटा भाऊ गेल्यापासून हे तसेही फारसं बोलत नाहीत.

लग्न होऊन मी नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतास. मला बघायला आलात तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. लग्नानंतर चौथ्या दिवशी मात्र वही घेऊन समोर येऊन बसलास. "वहिनी, तू बीएस्सी मॅथ्स ना? मग ही टेलरची सिरीज म्हणजे काय भानगड आहे ते सांग." माझ्या हातावरची हळदसुद्धा गेली नव्हती. आई आतून म्हणाल्या, "आरं, तिला घोटभर चहा तरी पिऊ दे. लय आला गनितवाला." नांदगावकडची ती बोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या दिवशी तुला सांगितलं तेच पुढे मी वर्गात सांगत आले. फल म्हणजे फंक्शन, ते कितीही वाकडंतिकडं असो, साईन असो की ई चा घात, शून्याच्या आसपास त्याला आकड्यांच्या एका माळेत बसवता येतं. पहिला आकडा नुसता, पुढचा एक्सच्या जोडीचा, त्याच्या पुढचा एक्सच्या वर्गाचा, मग घनाचा. माळ जितकी लांब तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ जातं. तू ऐकून घेतलंस आणि लगेच विचारलंस, "आणि एका फलाच्या पोटात दुसरं असलं तर? ई च्या घातावर साईन बसवला तर त्याची माळ कशी काढायची?"

मी म्हणाले, विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढत बसायचं. एकदा, दोनदा, तीनदा, जितके आकडे हवेत तितक्यांदा. आपण केलंही. तिसऱ्या विकलनाला वहीचं पान भरलं आणि घनाच्या जागी चक्क शून्य आलं. एवढी मारामारी करून हाती भोपळा आला म्हणून तू केवढा हसलास. मग म्हणालास, "हे काय खरं नाही वहिनी. सोपी रीत असणारच." तो प्रश्न चाळीस वर्षं आपल्या घरात राहिला. तुझी नोकरी, तुझं लग्न, माझी मुलं, आईंचं आजारपण, सगळं त्याच्या आजूबाजूने होत गेलं.

रीत तुला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला लागल्यावर सापडली. तुमच्या कुणा साहेबांनी ट्रेनिंगहून येताना एका संगणकभाषेच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. प्लांटमध्ये ती भाषा चालवणारं मशीन नव्हतं, म्हणून ती झेरॉक्स कपाटावर पडून होती, आणि तू ती मागून घेतलीस. घरी आणलीस तेव्हा ह्यांनी दोन पानं उलटून विचारलं, "काय रे, ही मोडी आहे का?" उलटे त्रिकोण, गोल, बाण, शेपटीवाले चौकोन. त्या भाषेत आकडा एकटादुकटा नसतो. सगळी माळच्या माळ उचलायची आणि दुसरीत मिळवायची, गुणायची, उलटी करायची, तेही एका ओळीत. आणि ओळ वाचायची उजवीकडून.

मशीन नव्हतं तर तू ते कागदावर चालवलंस. हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. सकाळची पाळी करून यायचास, कॉलरला राख असायची, आणि जेवायच्या आधी जमिनीवर आलेखाचा कागद पसरायचास. एक माळ वर आडवी, एक डावीकडे उभी, मध्ये पाढ्यांसारखा गुणाकारांचा तक्ता. मग तिरप्या रेषांनी बेरजा. झाला दोन माळांचा गुणाकार. संगीता तेव्हा तुझ्याशी लग्न होऊन नवी नवी आली होती. ती तुझ्या कागदांच्या कडेकडेने केर काढायची आणि मला म्हणायची, "ताई, तुमचं टेलरचं दुकान कधी उठणार? मला ताटं मांडायचीत."

आणि एका दुपारी तू मला ती सोपी रीत दाखवलीस. बाहेरच्या फलाच्या माळेतला शेवटचा आकडा घ्यायचा. त्याला आतल्या माळेने गुणायचं, अलीकडचा आकडा मिळवायचा. पुन्हा गुणायचं, पुन्हा मिळवायचा, असं करत पहिल्या आकड्यापर्यंत यायचं. संपलं. विकलनाचं नावसुद्धा नाही. मी तेव्हा कौतुक केलं नाही. मी म्हणाले, मुलांना परीक्षेत हे चालणार नाही. मनातून मला हेवा वाटला होता, मिलिंद. मी एमएस्सी झालेली, आणि ही रीत मला राखेने भरलेल्या कॉलरवाल्या माणसाकडून कळत होती.

नंतर मीही त्यात पडले. माझं अडलं ते कोसाईनपाशी. ई च्या घातावर कोसाईन बसवायला गेले आणि दोन दिवस डोकं धरून बसले. कोसाईनची माळ सुरू होते एकापासून. तो एक पोटात गेला की बाहेरचा प्रत्येक आकडा प्रत्येक जागी लुडबुड करतो, आणि माळ कितीही लांब घ्या, पहिली जागासुद्धा पुरी भरत नाही. तू आलास, बघितलंस आणि म्हणालास, "वहिनी, तेल मोजताना आधी भांड्याचा धडा करतात ना? भांड्याचं वजन बाजूला? तसा तो एक आधी बाजूला काढ. उरलेलं पोटात घाल. शेवटी सगळ्या माळेला ई ने गुण." पाच मिनिटांत झालं. तुझ्यासारखं शिकवता आलं असतं तर मी जास्त चांगली शिक्षिका झाले असते. हे मी तुला कधी म्हणाले नाही.

आपण भांडायचो ते एकाच गोष्टीवर, मोजायचं कुठून. तू शून्यापासून मोजायचास. माळेतला पहिला आकडा तुझ्या लेखी शून्याव्या जागेवर, एक्सचा पहिल्या, वर्गाचा दुसऱ्या, घनाचा तिसऱ्या. म्हणजे जागा आणि घात जुळतात, असं तुझं म्हणणं. माझ्या लेखी पहिला तो पहिला. अख्खं जग एकापासून मोजतं, फळीवर चार डबे असतील तर शून्यावा डबा दे असं कुणी म्हणत नाही, हे माझं. तू म्हणायचास, "वहिनी, पोर जन्मल्याबरोबर एक वर्षाचं होतं का?" मी म्हणायचे, "त्याचं पहिलं वर्ष चालू होतं की नाही?" ह्यांनी एकदा वैतागून सांगितलं की दोघांनी आपापल्या घरी मोजा.

तेच झालं. मी रिटायर झाल्यावर तू माझ्या लॅपटॉपवर ती भाषा घालून दिलीस. आता ती फुकट मिळत होती, कागदावर चालवायची गरज उरली नव्हती. माझ्या बटणांवर त्या चिन्हांचे बारके स्टिकर तूच चिकटवलेस, चिमट्याने, चष्मा कपाळावर चढवून. त्या भाषेत मोजणी शून्यापासून ठेवायची की एकापासून, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. तू म्हणालास, "तुझ्याकडे एक ठेवलंय. नाहीतर रोज फोन करून भांडशील." आणि तेव्हापासून मला पाठवायच्या प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर तू एक छोटी ओळ घालायचास, मोजणी शून्यावर नेणारी. तू पाठवायचास, मी मोबाईलवरून लॅपटॉपवर जशीच्या तशी उतरवायचे, ते चालायचं. त्या पहिल्या ओळीकडे मी कधी लक्षही देत नव्हते.

मग दर गुरुवारी तू नाशिकरोडहून स्कूटरवर आमच्याकडे इंदिरानगरला यायला लागलास. त्या रीतीवर तू एक पुस्तिका लिहायला घेतली होतीस. बारावीच्या आणि फर्स्ट इयरच्या मुलांसाठी, मराठीत, पंचवीसच पानांची. मी प्रत्येक पान दोनदा लिहायला लावलं, तुझी वाक्यं लांब व्हायची म्हणून. शेवटचं पान तू राखून ठेवलं होतंस. त्यावर चौथ्या दिवशीचा प्रश्न, ई च्या घातावर साईन, आणि खाली एकच ओळ. ती तुला मनासारखी होत नव्हती. मी म्हणायचे, दोन ओळी कर ना, कोण मोजतंय. तू म्हणायचास, "एकीत बसते वहिनी. दिसतेय मला."

पुढचं मला भराभर लिहू दे.

पहिला झटका आला तेव्हा डावा हात गेला आणि शब्द हळू झाले. उजवा हात चांगला होता. डॉक्टर संगीताला म्हणाले, त्यांना जे येतं ते करायला द्या, म्हणजे डोकं कितपत चालतंय ते कळेल. स्क्रीन मात्र नको. संगीताने मला बाहेर बोलावून सांगितलं, "ताई, त्यांचं ते गणित तुम्हालाच कळतं. तुम्हीच बघा आणि मला सांगा." म्हणजे मला परीक्षक नेमलं होतं. आयुष्यभर पेपर तपासलेली बाई मी, मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत तू उशीखालून एक कागद काढून मला दिलास. औषधांच्या यादीची कोरी बाजू होती. नर्सच्या पेनने एक ओळ लिहिली होती, अक्षर थोडं हललेलं, पण प्रत्येक चिन्ह ठळक. वर उजव्या कोपऱ्यात एक गोल होता, त्याभोवती आणखी एक गोल. मला वाटलं, पेन चालतं का ते बघायला गिरवलं असेल. तू म्हणालास, "एकीत... बसली." तुझा चेहरा त्या दिवशी खूप दिवसांनी तुझ्यासारखा दिसत होता.

घरी येऊन मी ती ओळ टाईप केली. गुणाकाराची तुझी जुनी ओळ माझ्या मशीनवर आधीपासून होतीच. उत्तराचे पहिले चार आकडे आले ते असे: एक, अर्धा, एक षष्ठांश, उणे एक चोविसांश. यायला हवं होतं एक, एक, अर्धा, शून्य. ई ची माळ म्हणजे क्रमगुणितांनी, एकापासून त्या त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकारांनी, भागलेला एक, आणि इथे क्रमगुणितं एक घर पुढे सरकली होती, हे मला बघताक्षणी कळलं. ही चूक तू झोपेतही केली नसतीस. मी ओळ पुन्हा वाचली नाही, उजवीकडून तर नाहीच. मला वाटलं, झालं, गेलं ह्याचं डोकं.

चाळीस वर्षं मी तुला सांगत होते की मशीनने दिलेलं उत्तर आधी हाताने ताडून बघावं. त्या दिवशी हाताने तू केलं होतंस, आणि मशीनवर विश्वास मी ठेवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना ताप होता म्हणून मी आले नाही, फोन केला. संगीताने फोन तुझ्या कानाला लावला.

"वहिनी, चाल... चालली का?"

"चालली. पण चुकलीय रे. सगळं एक घर सरकलंय."

मागे कुणाची तरी ट्रॉली जात होती. मग विचारलंस, "तिसऱ्या जागी... शून्य आलं का?"

"नाही आलं."

"नाही?"

"नाही रे. तुझ्या तिसऱ्या म्हणजे माझ्या चौथ्या जागी उणे काहीतरी आहे. जाऊ दे, आत्ता दगदग करू नकोस."

"असेल," तू म्हणालास. "डोकं आता... पहिल्यासारखं नाही."

मी नाही म्हणाले नाही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला झापलं असतं. तुला मी म्हणाले, आराम कर.

संगीता फोन घेऊन बाहेर गेली आणि तिने विचारलं, "ताई, खरं सांगा." मी खरं सांगितलं, मला जे खरं वाटत होतं ते. जरा गडबड होतेय ग, म्हणाले. तिने ते डॉक्टरांना सांगितलं. तुला घरी आणल्यावर तिने वही, पेन, लॅपटॉप, सगळं कपाटात ठेवून दिलं, ताण नको म्हणून. तू काही म्हणाला नाहीस म्हणे. ह्याच गोष्टीसाठी तू एरवी घर डोक्यावर घेतलं असतंस.

मधे एकदा मी तुझ्याकडे येऊन गेले. तू गॅलरीत खुर्चीवर होतास. दिंडोरीहून तुझ्या कुणा मित्राने द्राक्षांची पेटी पाठवली होती. तू चार द्राक्षं खाल्लीस आणि गोड आहेत म्हणालास. मीही गोड आहेत म्हणाले. ओळीचं तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. मला वाटलं, नको आठवण करून द्यायला. तासभर बसून मी निघाले. तू दारापर्यंत यायला उठत होतास, मी हाताने बस म्हटलं. तेच शेवटचं.

तू गेल्याचा फोन सकाळी आला. ह्यांनी घेतला. मी गॅस बंद केला, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, साडी बदलली. त्या दिवसाचं मला इतकंच आठवतं.

पुण्यानुमोदनाच्या दोन दिवस आधी संगीता आमच्याकडे आली, दोन पिशव्या घेऊन. "ताई, ह्या वह्या तुमच्याकडे राहू द्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि रद्दीत घालवत नाहीत." लॅपटॉपही आणला होता. ती ह्यांच्याशी बोलत बसली आणि मी वह्या उघडल्या. तुझ्या स्वतःच्या वह्या मी कधी बघितल्याच नव्हत्या. आपण बसायचो तेव्हा माझे कागद असायचे.

प्रत्येक पानाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, गोलात गोल. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत एकही पान चुकलेलं नाही. सगळ्यात जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत तसाच एक गोल होता आणि त्याच्यासमोर तुझ्या तरुणपणच्या अक्षरात लिहिलं होतं: मोजणी शून्यापासून. मशीन नव्हतं त्या दिवसांतली ती तुझी पहिली ओळ. उजवीकडून वाचणाऱ्याला ती सगळ्यात आधी दिसावी म्हणून उजव्या कोपऱ्यात.

तो औषधांच्या यादीचा कागद माझ्या चष्म्याच्या डबीत होता. मी तो काढला. कोपऱ्यातला गोल तिथेच होता. तू मला सांगितलं होतंस. मशीन हाताशी नव्हतं, म्हणून कागदाच्या सवयीने सांगितलं होतंस.

पुढचं शाळेतल्या पोरालाही समजेल. शून्यापासून मोजलं तर क्रमगुणितं येतात एक, एक, दोन, सहा. एकापासून मोजलं तर एक, दोन, सहा, चोवीस. तुझी ओळ माझ्या घरी आली आणि माझ्या मोजणीने चालली. घर सरकलं होतं, पण ते तू सरकवलं नव्हतंस. माझ्याकडे एक ठेवलं होतं, मी भांडले होते म्हणून.

मी तुझा लॅपटॉप उघडला. संगीताने तुझा प्लांटमधला नंबर सांगितला, तोच पासवर्ड. कागदावरची ओळ मी एकेक चिन्ह बघून टाईप केली, काहीही न बदलता, आणि बटण दाबलं. एक, एक, अर्धा, शून्य, उणे एक अष्टमांश. बरोबर होतं, मिलिंद. तुझं सगळं बरोबर होतं. अर्ध्या अंगाने, नर्सच्या पेनने, चाळीस वर्षं राहिलेली ओळ तू एकीत बसवली होतीस.

संगीता बाहेरून म्हणाली, "काय झालं ताई?"

मी तिला सांगितलं. तिला माळ, जागा, क्रमगुणित काही कळत नाही, पण बाकीचं सगळं कळतं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं डोकं ठीक होतं?"

"हो."

"अगदी ठीक?"

"अगदी."

तिने त्या पिशव्यांकडे बघितलं. "मग मी वही कशाला काढून घेतली?"

मी म्हणाले, माझ्यामुळे. मग ती हळूच म्हणाली, "ते दोनदा म्हणाले होते. वहिनी परत एकदा बघतील. मी म्हटलं, बघतील हो." मग तिने उठून चहा टाकला, माझ्याच घरात, आणि आम्ही तिघांनी तो प्यायला. साखर घालायची राहिली होती, कुणी मागितली नाही.

म्हणून रविवारी माईकवर मला बोलता आलं नाही. संगीता पहिल्या रांगेत होती आणि माझ्याकडे बघत होती. माझा दीर फार हुशार होता, एवढं म्हटल्यावर तिने मान हलवली.

आठ दिवस. ह्या आठ दिवसांचं मी काय करू ते मला कळत नाही. तू गॅलरीत बसून द्राक्षं खात होतास आणि तुला वाटत होतं की तुझं डोकं गेलं, कारण वहिनी म्हणाली. स्वतःपेक्षा तुझा माझ्यावर विश्वास जास्त होता. लग्नानंतर चौथ्या दिवशी तू वही घेऊन समोर बसलास तेव्हापासून तो होता, आणि मला तो फुकटचा मिळालेला म्हणून मी कधी जपला नाही. मी कागद उजवीकडून वाचला असता तर. मला वाईट वाटतंय की नाही तेही मला नीट कळत नाही.

आणि तरीही मला तुझे आभार मानायचे आहेत, हे लिहायला बसले तेव्हा माहीत नव्हतं. त्या दोन खोल्यांत आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चहा-पोह्यांचं सोडून गणिताचं विचारलं. पुढे एमएस्सीचा फॉर्म तूच आणून दिलास आणि आईंना तूच पटवलंस. मी कुणाची तरी सून झाले तेव्हा तू मला आठवण करून दिलीस की मी आधी काय होते. हे मी तुला सांगायला हवं होतं, पण आपण शून्य आणि एकावरून भांडत बसलो.

पुस्तिका छापून घेते. शेवटच्या पानावर तुझी ओळ जशीच्या तशी, आणि वर उजव्या कोपऱ्यात तुझा गोल, आणि खाली तो कशासाठी ते, मुलांना कळेल असं. कोणी माझ्यासारखं चुकू नये.

काल सकाळी माझ्या लॅपटॉपवरची मोजणी मी बदलली. मला जमेल असं वाटलं नव्हतं, पण एकच ओळ होती. मग तुझी ओळ पुन्हा घातली, माझ्या मशीनवर, तू चिकटवलेल्या स्टिकरांवर बोटं ठेवून. हे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, काय आलं? मी त्यांना सांगितलं आणि तुलाही सांगते, कारण तू विचारलं होतंस आणि उत्तर द्यायचं माझ्याकडून राहिलं होतं.

शून्य आलं रे. तिसऱ्या जागी.